किमतींची शाब्दिक उदाहरणं आणि एकसामयिक समीकरणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

"समीकरणं मांडून दिली तर सोडवता येतात, पण तेच गणित शब्दांत आलं की सुचत नाही." किमतींच्या उदाहरणांबद्दलची बहुतेक विचारणा या एका वाक्यावर येऊन थांबते. खालचे प्रश्नही त्याच सुरातले आहेत. माझं मत आधीच सांगून टाकतो: या गणितांत सोडवण्याचा भाग सोपा असतो, चुका होतात त्या मांडण्यात आणि त्याही बहुधा पहिल्या दोन ओळींत. चलांसाठी इथे क्ष आणि य ही जुनी मराठी अक्षरं वापरली आहेत.

उदाहरण वाचून झालं. वहीत पहिली ओळ काय लिहायची?

एक गणित समोर ठेवू. ३ पेन आणि ४ वह्या मिळून १९० रुपये होतात. ५ पेन आणि २ वह्या मिळून १५८ रुपये होतात. तर एका पेनची आणि एका वहीची किंमत किती?

पहिली ओळ अशी: एका पेनची किंमत क्ष रुपये मानू. दुसरी: एका वहीची किंमत य रुपये मानू.

हे सगळेच लिहितात असं वाटेल, पण प्रत्यक्षात निम्म्या वह्यांत "पेन = क्ष, वही = य" एवढंच सापडतं. क्ष म्हणजे पेन नव्हे. क्ष ही एक संख्या आहे, एका पेनसाठी मोजाव्या लागणाऱ्या रुपयांची. "एका", "किंमत" आणि "रुपये" हे तीनही शब्द त्या ओळीत हवेत. यातला एखादा गळला की पुढे कुठेतरी तो नडतोच. "एका" गळला तर क्ष कधी एका पेनचा होतो, कधी तिन्ही पेनांचा. "किंमत" गळली तर क्ष म्हणजे पेनांची संख्या अशी गल्लत होते. "रुपये" गळले तर पैसे आणि रुपये एकाच समीकरणात येऊन बसतात.

ओळी नीट लिहिल्या की समीकरणं जवळजवळ आपोआप येतात:

३क्ष + ४य = १९०
५क्ष + २य = १५८

दुसऱ्या समीकरणाला २ ने गुणू: १०क्ष + ४य = ३१६. यातून पहिलं वजा केलं की ७क्ष = १२६, म्हणून क्ष = १८. ही किंमत पहिल्या समीकरणात घातली की ५४ + ४य = १९०, म्हणजे ४य = १३६ आणि य = ३४. पेन १८ रुपयांचं, वही ३४ रुपयांची.

पहिल्याऐवजी दुसऱ्याला का गुणलं?

कारण २ चा ४ करायला एकच गुणाकार पुरतो. क्ष चा लोप करायचा, म्हणजे तो उडवायचा, असं ठरवलं असतं तर ३ आणि ५ यांचा लसावि १५ घ्यावा लागला असता, म्हणजे दोन्ही समीकरणं गुणावी लागली असती. उत्तर तेच येतं, पण आकडे मोठे होतात आणि मोठ्या आकड्यांत हातचे चुकतात. गुणायच्या आधी चारही सहगुणकांवर, म्हणजे क्ष आणि य यांच्या आधीच्या आकड्यांवर, एकदा नजर टाकायची सवय लावा.

"दुपटीपेक्षा २ ने कमी" असं काही आलं की माझं समीकरण नेहमी उलटं होतं. काय करू?

ही चूक फार हुशार मुलंही करतात, कारण वाक्याचा क्रम जसाच्या तसा चिन्हांत उतरवला जातो. "वहीची किंमत पेनच्या किमतीच्या दुपटीपेक्षा २ रुपयांनी कमी आहे" हे वाक्य घ्या. घाईत लिहिणारा २य = क्ष − २ लिहून मोकळा होतो. "दुप्पट" हा शब्द दिसला, जवळ "वही" होती, दोघांची जोडी जुळवली.

उपाय साधा आहे. आधी स्वतःला विचारा: महाग काय, वही की पेन? वही. मग बरोबरीचं चिन्ह खरं व्हायला गुणायचं कोणाला? स्वस्त बाजूला. म्हणजे २ ने गुणायचा तो क्ष. पेनच्या किमतीची दुप्पट २क्ष, तिच्यापेक्षा २ कमी म्हणजे २क्ष − २, आणि ती वहीची किंमत. म्हणून य = २क्ष − २.

तरीही शंका राहिली तर आकडे घालून बघा. पेन १० रुपयांचं असेल तर वाक्यानुसार वही किती रुपयांची? दुप्पट २०, त्यात २ कमी, १८. आता क्ष = १०, य = १८ आपल्या समीकरणात टाका. य = २क्ष − २ मध्ये दोन्ही बाजू १८ येतात. २य = क्ष − २ मध्ये एका बाजूला ३६ आणि दुसऱ्या बाजूला ८. अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

कोणती पद्धत कधी वापरायची?

परीक्षेत पद्धत सांगितली असेल तर तीच. नसेल तर समीकरणांच्या रूपाकडे बघून ठरवा.

एक किंमत दुसरीच्या भाषेत दिली असेल (वरच्यासारखं य = २क्ष − २) तर सरळ आदेश पद्धत: य च्या जागी २क्ष − २ ठेवा, एकच चल उरतं. दोन बिलं दिली असतील, "इतके हे आणि इतके ते मिळून इतके", तर लोप पद्धत. सहगुणक एकमेकांची अदलाबदल झाल्यासारखे असतील तर बेरीज-वजाबाकी, तिच्याबद्दल पुढे सविस्तर. आलेख समजून घेण्यासाठी फार चांगला, पण उत्तर १८ आहे की १८.३ हे कागदावरच्या रेघांवरून सांगता येत नाही, म्हणून किंमत काढायला मी तो वापरत नाही.

क्रेमरच्या पद्धतीने हेच गणित कसं होईल?

गाब्रिएल क्रेमर या स्विस गणितज्ञाने १७५० मध्ये वक्र रेषांवरच्या आपल्या ग्रंथात हा नियम मांडला. आपल्या गणितात मुख्य निश्चयक (चार सहगुणकांच्या तिरप्या गुणाकारांची वजाबाकी) ३ × २ − ४ × ५ = ६ − २० = −१४. क्ष साठीच्या निश्चयकात क्ष च्या सहगुणकांच्या जागी स्थिरपदं येतात: १९० × २ − ४ × १५८ = ३८० − ६३२ = −२५२. य साठी: ३ × १५८ − १९० × ५ = ४७४ − ९५० = −४७६.

क्ष = −२५२ ÷ −१४ = १८ आणि य = −४७६ ÷ −१४ = ३४.

ऋण निश्चयक बघून घाबरू नका, भागाकारात चिन्हं जातात. फक्त स्थिरपद बरोबरीच्या उजवीकडे आहे ना हे आधी बघा. ते डावीकडे राहिलं तर दोन्ही उत्तरांची चिन्हं उलटी येतील.

९क्ष + ७य आणि ७क्ष + ९य असं आलं तर मोठमोठे गुणाकार करावेच लागतात का?

अजिबात नाही, आणि हे आजचं डोकं नाही. इ. स. ८५० च्या सुमारास, राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात, महावीराचार्यांनी 'गणितसारसंग्रह' लिहिला. त्यात नेमकं हेच गणित आहे: ९ महाळुंगं आणि ७ सुगंधी कवठं यांची किंमत मिळून १०७, आणि ७ महाळुंगं व ९ कवठं यांची मिळून १०१. तर एका महाळुंगाची आणि एका कवठाची किंमत सांगा.

९क्ष + ७य = १०७
७क्ष + ९य = १०१

लोप करायला गेलात तर ८१ आणि ४९, ९६३ आणि ७०७ अशा संख्या येतील. त्याऐवजी दोन्ही समीकरणं आधी मिळवा: १६क्ष + १६य = २०८, म्हणजे क्ष + य = १३. मग पहिल्यातून दुसरं वजा करा: २क्ष − २य = ६, म्हणजे क्ष − य = ३. दोन संख्यांची बेरीज १३ आणि फरक ३, तर मोठी ८ आणि लहान ५. महाळुंग ८, कवठ ५. सगळं तोंडी झालं.

या युक्तीचा अर्थही बघण्यासारखा आहे. दोन्ही खरेद्या एकत्र केल्या की दोन्ही फळं १६-१६ होतात, म्हणून एका जोडीची किंमत निघते. आणि दुसऱ्या खरेदीत दोन महाळुंगं कमी करून त्यांच्या जागी दोन कवठं आली, तेव्हा बिल ६ ने उतरलं. म्हणजे एका महाळुंगाच्या जागी कवठ घेतलं की ३ वाचतात. समीकरणं न लिहिताही हे कळतं, आणि ज्याला हे असं कळलं त्याला लोप पद्धत पाठ करावी लागत नाही.

"चुकून किमतींची अदलाबदल झाली" अशी गणितं याच प्रकारची का?

हो. ७ नग एका वस्तूचे आणि ४ दुसरीचे असताना किमती उलटसुलट लावल्यामुळे बिल २४ रुपयांनी कमी झालं, असं दिलं असेल तर (७क्ष + ४य) − (४क्ष + ७य) = २४. यातून ३क्ष − ३य = २४ आणि क्ष − य = ८. सोबत खरं बिल दिलेलं असतंच, ते दुसरं समीकरण. बिल कमी झालं म्हणजे जी वस्तू जास्त घेतली ती महाग होती, हे आधी मनात ठरवून घेतलं की वजाबाकीची दिशा चुकत नाही.

काही गणितांत किंमत आधीच दिलेली असते आणि नग विचारतात. तिथे काय बदलतं?

चलांचा अर्थ बदलतो, आणि अंगवळणी पडलेलं "क्ष म्हणजे किंमत" इथे दगा देतं.

प्रौढांचं तिकीट ६० रुपये, मुलांचं ३५ रुपये. एकूण ४५ तिकिटं विकली गेली आणि २३२५ रुपये जमले. इथे क्ष म्हणजे प्रौढांच्या तिकिटांची संख्या, य म्हणजे मुलांच्या तिकिटांची संख्या.

क्ष + य = ४५
६०क्ष + ३५य = २३२५

पहिलं समीकरण तिकिटं मोजतं, दुसरं रुपये. समीकरणातल्या प्रत्येक पदाचं एकक एकच हवं, ही कसोटी इथे फार उपयोगी पडते. ६०क्ष म्हणजे "एका तिकिटाला ६० रुपये" गुणिले "इतकी तिकिटं", म्हणजे रुपये. पहिल्या समीकरणात एकही रुपया नाही. कोणी क्ष + य = २३२५ लिहिलं तर डावीकडे तिकिटं आणि उजवीकडे रुपये, लगेच खटकायला हवं.

सोडवताना पहिल्याला ३५ ने गुणून वजा करा: २५क्ष = ७५०, क्ष = ३०, य = १५. हेच तोंडी असं होतं: सगळी ४५ तिकिटं मुलांचीच होती असं समजा, १५७५ रुपये जमले असते. ७५० जास्त आले. प्रौढाच्या प्रत्येक तिकिटामागे २५ जास्त येतात, म्हणून प्रौढ ३०. लोप पद्धतीत आपण हीच कल्पना चिन्हांत करत असतो.

सूट आणि टक्के आले की गोंधळ होतो.

टक्के कशाचे, हा एकच प्रश्न विचारायचा. पिशवी आणि बूट यांची छापील किंमत मिळून २३०० रुपये. पिशवीवर शेकडा १० आणि बुटांवर शेकडा २० सूट मिळाल्यावर १९५० रुपये द्यावे लागले. क्ष आणि य या छापील किमती मानल्या तर:

क्ष + य = २३००
०.९क्ष + ०.८य = १९५०

दुसऱ्याला १० ने गुणून दशांश चिन्ह काढून टाका: ९क्ष + ८य = १९५००. पहिल्याला ८ ने गुणलं की ८क्ष + ८य = १८४००. वजाबाकी करून क्ष = ११०० आणि य = १२००.

दुसऱ्या समीकरणाऐवजी वाचलेल्या पैशांचंही समीकरण मांडता येतं: ०.१क्ष + ०.२य = ३५०, म्हणजे क्ष + २य = ३५००. यातून २३०० वजा केले की य थेट १२००. मला हा मार्ग जास्त आवडतो, संख्या लहान राहतात.

सूट छापील किमतीवर असते, तर नफा-तोटा खरेदी किमतीवर मोजतात. म्हणून नफ्याच्या गणितात क्ष ही खरेदी किंमत मानली की शेकडा १५ नफ्याने विक्री १.१५क्ष इतकी सरळ येते. क्ष ही विक्री किंमत मानली तर खरेदीसाठी १.१५ ने भागत बसावं लागतं, आणि तिथेच अनेक जण चुकून ०.८५ ने गुणतात.

किंमत रुपये-पैशांत असेल तर?

सगळं एका एककात आणा. ७ रुपये ५० पैसे म्हणजे ७.५० रुपये किंवा ७५० पैसे, काहीही चालेल, पण पहिल्या ओळीत जे लिहिलं तेच शेवटपर्यंत.

भाडं, वीजबिल यांसारख्या गणितांत वस्तू एकच असते. मग दुसरं चल कुठून येतं?

स्थिर आकारातून. १२ किलोमीटरच्या प्रवासाला २३० रुपये आणि २० किलोमीटरच्या प्रवासाला ३५० रुपये झाले. भाड्यात एक ठरलेला आकार आहे आणि त्यावर प्रत्येक किलोमीटरला ठरावीक दर आहे. स्थिर आकार क्ष रुपये, दर किलोमीटरला य रुपये:

क्ष + १२य = २३०
क्ष + २०य = ३५०

दोन्हींत क्ष चा सहगुणक १, म्हणून वजाबाकी लगेच: ८य = १२०, य = १५, क्ष = ५०. जादा ८ किलोमीटरांसाठी जादा १२० रुपये, स्थिर आकार दोन्हीकडे सारखाच असल्याने वजाबाकीत उडतो. २३० ला १२ ने भागून "दर" काढणाऱ्याने तो स्थिर आकारही किलोमीटरांत वाटून टाकलेला असतो.

मात्र उदाहरणात "पहिल्या ३ किलोमीटरसाठी इतके आणि त्यापुढे प्रत्येक किलोमीटरला इतके" असं असेल तर य चा सहगुणक १२ नव्हे, ९ असतो. प्रश्न पुन्हा वाचा.

उत्तर अपूर्णांकात आलं. चुकलं का?

नग विचारले असतील तर बहुधा चुकलं, साडेतीन तिकिटं विकली जात नाहीत. किंमत विचारली असेल तर अपूर्णांकाला काहीच हरकत नाही. चीनमध्ये सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी संकलित झालेल्या 'गणितकलेची नऊ प्रकरणे' या ग्रंथाच्या आठव्या प्रकरणात असं गणित आहे: ५ बैल आणि २ मेंढ्या यांची किंमत १० ल्यांग (वजनाचं चिनी एकक) सोनं, २ बैल आणि ५ मेंढ्या यांची ८ ल्यांग. उत्तर बैलाचं ३४/२१ आणि मेंढीचं २०/२१ ल्यांग. सहगुणकांची अदलाबदल इथेही आहेच, महावीराचार्यांच्या युक्तीने करून बघा: बेरजेतून १८/७, फरकातून २/३.

त्या काळी तिथे ही गणितं मोजणीच्या काड्या पाटावर उभ्या रांगांत मांडून सोडवत. एका रांगेत एक खरेदी, आणि रांगांची आपसांत वजाबाकी. तिसऱ्या शतकातला भाष्यकार लिऊ हुई धन संख्यांसाठी लाल आणि ऋण संख्यांसाठी काळ्या काड्या सांगतो. मध्ये ऋण संख्या आल्या तरी त्याला अडत नव्हतं.

आणि शेवटचं उत्तरच ऋण आलं तर?

किंमत ऋण नसते. तीन शक्यता तपासा, या क्रमाने: वजाबाकीत चिन्ह चुकलं, समीकरण उलटं मांडलं, किंवा प्रश्नातली माहितीच विसंगत आहे. तिसरी शक्यता क्वचित खरी ठरते, पण सगळ्यात आधी तिच्यावरच खापर फुटतं.

दोन्ही चलं उडून गेली आणि ० = ० उरलं. आता?

म्हणजे दुसऱ्या वाक्याने नवं काही सांगितलंच नाही. २क्ष + ३य = १२० आणि ४क्ष + ६य = २४० ही दोन समीकरणं म्हणजे एकच खरेदी, दुसऱ्या वेळी दुप्पट. आलेख काढला तर एकच रेषा दोनदा काढली जाते. उकली अनंत. किमती पूर्ण रुपयांतच आणि शून्यापेक्षा मोठ्या हव्यात अशी अट घातली तरीही १९ जोड्या बसतात: (५७, २), (५४, ४) अशा उतरत (३, ३८) पर्यंत.

० = १० असं काही उरलं तर प्रकरण वेगळं. ४क्ष + ६य = २३० दिलं असतं तर दुप्पट माल घेऊन बिल दुपटीपेक्षा १० ने कमी झालं. समांतर रेषा, उकल नाही. व्यवहारात मात्र असं बिल अगदी शक्य आहे, जास्त माल घेतल्यावर सवलत मिळते. या सगळ्या गणितांत आपण न बोलता एक गोष्ट धरून चाललेलो असतो: एक नग घ्या की शंभर, दर नगाला किंमत तीच. ती अट मोडली की रेषीय समीकरण त्या व्यवहाराला लागू पडत नाही. गणित चुकलेलं नसतं, गृहीतक चुकलेलं असतं.

एकाच चलात सोडवलं तर चालेल का?

चालतं, अनेकदा ते सुटसुटीतही असतं. भास्कराचार्यांच्या 'बीजगणित' या बाराव्या शतकातल्या ग्रंथात एक प्रसिद्ध गणित आहे. एकाजवळ ६ घोडे आणि ३०० रूपं (रकमेचं एकक) आहेत. दुसऱ्याजवळ तशाच किमतीचे १० घोडे आहेत आणि त्याच्यावर १०० रूपांचं ऋण आहे. दोघांची संपत्ती सारखी, तर घोड्याची किंमत किती? ६क्ष + ३०० = १०क्ष − १००, म्हणून क्ष = १००. प्रत्येकाची संपत्ती य मानली तर हीच दोन समीकरणं होतात: ६क्ष + ३०० = य आणि १०क्ष − १०० = य.

भास्कराचार्य पहिल्या अज्ञाताला 'यावत्तावत्' म्हणत आणि पुढच्यांना रंगांची नावं देत: कालक, नीलक, पीतक, लोहितक. लिहिताना या, का, नी अशी आद्याक्षरं. आपल्या क्ष आणि य पेक्षा मला ती जास्त देखणी वाटतात.

"प्रत्येकाने ८ दिले तर ३ उरतात, ७ दिले तर ४ कमी पडतात" यात दोन समीकरणं कशी शोधायची?

हेही त्याच चिनी ग्रंथातलं, सातव्या प्रकरणाचं पहिलंच गणित. माणसं क्ष, वस्तूची किंमत य. आठ-आठ दिल्यावर जमलेले ८क्ष हे किमतीपेक्षा ३ जास्त: ८क्ष = य + ३. सात-सात दिल्यावर: ७क्ष = य − ४. वजाबाकी केली की क्ष = ७, आणि य = ५३. "उरतात" म्हणजे जमलेली रक्कम मोठी, "कमी पडतात" म्हणजे किंमत मोठी. कुठली बाजू मोठी हे ठरलं की अधिक-उण्याचा वाद मिटतो.

ताळा कुठे करायचा?

प्रश्नाच्या शब्दांत. समीकरणात नाही. समीकरणच चुकीचं मांडलं असेल तर उत्तर त्यात चपखल बसतं आणि खोटा दिलासा मिळतो. ३ पेनांचे ५४, ४ वह्यांचे १३६, मिळून १९०, जुळलं. ५ पेनांचे ९०, २ वह्यांचे ६८, मिळून १५८, जुळलं. ज्या समीकरणातून य काढला त्यातच ताळा करून थांबू नका, दुसरं वाक्यही तपासा.

तीन वस्तू आणि दोनच बिलं दिली तर गणित सुटतं का?

तिन्ही किमती वेगवेगळ्या काढता येत नाहीत. पण प्रश्न तेवढं विचारतोय का, ते बघा. ३ पेन, ७ वह्या, १ खोडरबर मिळून २९८ रुपये. ४ पेन, १० वह्या, १ खोडरबर मिळून ४१८ रुपये. प्रत्येकी एक घेतलं तर किती? पहिल्या बिलाची तिप्पट ८९४, दुसऱ्याची दुप्पट ८३६. वजा केलं तर पेन ९ − ८ = १, वह्या २१ − २० = १, खोडरबर ३ − २ = १. उरले ५८ रुपये, हेच उत्तर. खोडरबराची किंमत मात्र या दोन बिलांतून कधीच कळणार नाही.

नग विचारले असतील तर पूर्णांकाची अट मदतीला येते. पाचव्या शतकातल्या जांग छ्यूच्येन या चिनी गणितज्ञाचं गणित असं आहे: कोंबडा ५ नाण्यांना, कोंबडी ३ नाण्यांना, पिल्लं एका नाण्याला तीन. १०० नाण्यांत १०० पक्षी घ्यायचे. कोंबडे क्ष, कोंबड्या य, पिल्लं झ मानू:

क्ष + य + झ = १००
५क्ष + ३य + झ/३ = १००

दुसऱ्याला ३ ने गुणून पहिलं वजा केलं की १४क्ष + ८य = २००, म्हणजे ७क्ष + ४य = १००. आता ४य आणि १०० दोन्हींना ४ ने भाग जातो, म्हणून ७क्ष ला, आणि पर्यायाने क्ष ला ४ ने भाग जायलाच हवा. क्ष = ४ घेतलं तर य = १८, झ = ७८. क्ष = ८ तर ११ आणि ८१. क्ष = १२ तर ४ आणि ८४. त्याने हीच तीन उत्तरं दिली आहेत. एकही कोंबडा न घेता २५ कोंबड्या आणि ७५ पिल्लं घेतली तरी हिशेब जुळतो, पण तिन्ही प्रकारचे पक्षी हवेत असं धरलं की ते बाद होतं.